माळेतले कांदे

इगतपुरी,
१० ऑक्टोबर १९९८

ती. सहादूदादास सुवर्णाचा शि. सा. नमस्कार.

पत्र आधी आईला वाचून दाखव, हसेल ती. परवा आमच्या रेल्वे क्वार्टरमधल्या बायकांनी महागाईविरुद्ध मोर्चा काढला. पुढं कोण, तर मी! राखीला तू दिलेल्या गोणीतलेच कांदे ओवून गळ्यात माळ घातली. पेपरात फोटो आलाय, कात्रण सोबत आहे. आमचं निवेदन घेणारे साहेब म्हणाले, सरकार लवकरच काहीतरी करेल. भाऊबीजेला येताना अजून एक गोणी आण, शेजारणींसमोर मिरवीन म्हणते.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी सुवर्णा


पिंपळगाव बसवंत,
१७ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. सुवर्णास आशीर्वाद.

फोटो आईला दाखवला. हसली नाय. सरकारनं मात्र तुमचं लगेच ऐकलं, कांद्याची निर्यात बंद केली. आमचा कांदा उन्हाळ्यातच मातीमोल गेला, आज महाग विकतोय तो साठवून ठेवणारा व्यापारी. आमचा लाल कांदा अजून वावरात हाय. तो निघेल तेव्हा बाहेरची वाट बंद. भाव पडून आम्ही रस्त्यावर कांदा ओतला, त्या साली कुणी माळ घातली होती गं?

आईनं बियाण्याचे कांदे निवडून ठेवलेत. लग्न होऊन आली तेव्हापासून राखलेलं वाण, दरसाल दिवाळी झाली की लावते. यंदा राहू दे म्हणालो.

भाऊबीजेला येणं व्हायचं नाही. जावईबापूंना नमस्कार.

तुझा दादा


इगतपुरी,
२० डिसेंबर १९९८

ती. दादास शि. सा. नमस्कार.

भाऊबीजेला ओवाळणीचं ताट करून बसले होते. लय राग आला, खोटं कशाला बोलू. आता इथं तुमच्याकडच्या लाल कांद्याचे ढीग लागलेत, कुणी भावसुद्धा करत नाही. शेतकऱ्यांसाठी मोर्चा काढू म्हणून मी दारोदार फिरले. शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, स्वस्त झाल्यावर मोर्चा कशाला? एकही बाई आली नाही. माझी मलाच लाज वाटते.

दादा, माझ्यावरचा राग आईच्या वाणावर काढू नकोस. तेवढं लाव. धाकटी म्हणून पदरात घे.

तुझी सुवर्णा


पिंपळगाव बसवंत,
२ जानेवारी १९९९

चि. सौ. सुवर्णास आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही. मार्केटात नेलेला कांदा तसाच परत आणला आणि उभ्या पिकात मेंढ्या सोडल्या. यापुढं कांदा करायचा नाय, एवढं ठरलं.

गावातला मोतीराम तिकडं येतोय, त्याच्याबरोबर भाऊबीजेची राहिलेली गोणी धाडतोय. आईनं निवडलेले तेच कांदे आहेत. लावायची वेळ टळली, कोंब आलेत. कोंब मोडून भाजीला घे. गोणीचं तोंड आईनंच शिवलं. शिवताना एवढंच म्हणाली, "पोरीला लिही, यांची माळ करू नको. शिजवून खा."

तुझा दादा