बांधलेली वळकटी

शनिवार, १३ नोव्हेंबर २०१०
हॅमिल्टन

ग्रोसरीच्या पिशव्या आत आणतच होते, तेवढ्यात टीव्हीवर बातमी लागली. रशिया आणि अलास्काच्या मधल्या समुद्राखालून रेल्वेचा बोगदा करायचा विचार पुन्हा चालू आहे म्हणे. पिशव्या तिथेच टाकल्या आणि भुसावळला फोन लावला. बाबांना सांगायला!

रिंग वाजल्यावर आठवलं. बाबा आता नाहीत. दिवाळीतही नव्हते.

बाबा रेल्वेत गार्ड होते. हार्टमुळे डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं, तरी कॅनडाला यायचा हट्ट सुटला नाही; रशियामार्गे समुद्राखालून रेल्वेनेच येणार म्हणायचे. मुलगी बोगद्यांची इंजिनिअर, म्हणजे ते काम तिच्याकडेच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. दर फोनला, "काय गं, समुद्राखालचं काम कुठवर आलं?" मी इथे सांडपाण्याचे बोगदे करते, ते कधी ऐकूनच घेतलं नाही. सतरंजीत चादरी गुंडाळून वळकटीसुद्धा बांधून ठेवली होती. गाडी सुरू झाली की निघायचं. गंमतच करत होते ना? की नव्हते?

फोन आईने उचलला. मी बातमीचं बोललेच नाही. थंडीचं बोलले, विंटर टायर लावल्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांची वळकटी सोडायला बसलेय. चादरींना ऊन दाखवावं म्हटलं. पण यांची गाठ मला सुटत नाही बाई."

मग म्हणाली, "ते समुद्राखालचं काही होणार आहे का गं? नाहीतर दोरी कापते."

"काम चालू आहे," मी म्हणाले. "कापू नकोस."