सख्खी

आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला
दि. ११ फेब्रुवारी १९७७

प्रिय गंगू,
सप्रेम जयभीम. मुंबईहून आम्ही सुखरूप पोचलो. हरभरा सोंगून झाला. तुझ्या भाऊजींचा खोकला अजून आहेच. बाळाचा ताप उतरला का? त्याला अजून काचेपलीकडूनच बघतेस ना?

हरभरा, खोकला हे मी उगाच लिहीत बसले. खरं लिहायला हात धजत नाही.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बाळाच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद जन्मतःच नाही, तुझे आधीचे दोघेही त्यातच गेले. सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज जुळला तर तो देऊन बघता येईल. परदेशात अशी काही मुलं जगलीत, आम्ही मात्र पहिल्यांदाच करू. मग माझ्या शेजारी उभ्या विशाखाकडे बघून त्यांनी विचारलं, "ही कोण?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी चटकन म्हटलं, "मावसबहीण." डॉक्टर मान हलवून पुढच्या पेशंटकडे गेले.

तू गप्प राहिलीस. सव्वा महिन्याची विशाखा माझ्या ओटीत घातलीस, तेव्हा तिला कधीच कळू देणार नाही असा शब्द दिला होतास. पोटच्या पोराचा जीव जात असतानाही तो पाळलास. आणि मी? पोर उद्या मला मावशी म्हणेल, या भीतीनं मी तिच्या भावाची वाट अडवली. परतताना गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली, तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं गं. लाज वाटते हे लिहायला, पण वाटलं ते वाटलं. परवा विहारात महाप्रजापतीची गोष्ट निघाली. मावशीनंच सिद्धार्थाला वाढवलं, आणि ते साऱ्या जगाला ठाऊक होतं. मला मान वर करवली नाही.

काल विशाखाला सगळं सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मंग तो माहा सख्खा भाऊ हाय?"

"हो."

"माह्या हाडातलं काढून त्याले देनार?"

"जुळलं तर देतीन."

"अन मंग उरलेली मी तुह्यापाशी वापस येईन ना?"

मी हो म्हटलं. तुला न विचारताच म्हटलं.

भाऊजींबरोबर तिला पाठवते आहे, पत्रही त्यांच्याजवळच देते. मी येत नाही, तुझ्यापुढे उभं राहायला तोंड नाही. डॉक्टरांना नातं खरं सांग, तिच्यासमोर सांग. जुळेलच असं नाही, पण माझ्या एका शब्दापायी अडायला नको. ती तुला आई म्हणाली तर म्हणू दे. फक्त तिला परत पाठव, गंगू. हे मागायचा हक्क मी त्या दवाखान्यातच घालवला, तरी मागते.

विशाखाच्या दोघी आयांमधली, खोटं बोललेली,
भागिरथा