माझ्या पायाशी ठेवायची उशी

मी, एर्मेलिंदा ओचोआ, कै. एलिखियो सेर्नास यांची विधवा, वय ऐंशीच्या पुढे, राहणार लास गुवायाबास, राज्य कोलिमा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकून नेण्याजोगे जे काही होते ते पुरातत्त्व खात्याने आधीच नेले आहे. माझ्या मागे नऊ दिवसांची प्रार्थना संपून घरातला क्रूस उचलला गेला की मगच हे पाकीट उघडावे. आधी उघडणाऱ्याला माझी हाय लागेल.

कलम पहिले. राहते घर, अंगण आणि पेरूंचे शेत माझी मुलगी ओफेलिया हिला द्यावे. शेत देते म्हणजे वरची माती देते. खाली जे सापडेल ते राष्ट्राचे, असा कायदा आहे. तेव्हा मुली, पेरूला खड्डा खणताना बेताने खण.

कलम दुसरे. पुढच्या खोलीतल्या लाकडी फळ्या माझा पुतण्या एवारिस्तो याला द्याव्यात. त्या रिकाम्या कशा झाल्या हे त्याला ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते.

एलिखियोच्या नांगराला त्या शेतात मातीची जुनी चित्रे, म्हणजे भाजलेल्या छोट्या मूर्ती, लागत. पोपट, ढोल वाजवणारी माणसे, आतून पोकळ, गुबगुबीत कुत्री. आपल्या मेलेल्यांबरोबर ती पुरणारे लोक गेले, त्यांची भाषाही गेली, कुत्री राहिली. एलिखियोने जन्मभर ती धुतली, फुटकी सांधली आणि फळ्यांवर मांडली. डॉलर घेऊन गोरे लोक यायचे. हा त्यांना माडाची तुबा पाजून रिकाम्या हातांनी परत पाठवायचा. एकही चित्र त्याने विकले नाही. आमच्याच भागात मोठ्या फाटकाचा एक बंगला आहे, तिथून भरलेल्या पेट्या सरहद्दीकडे जातात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या फाटकाचा रस्ता खात्याला आजवर सापडलेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एलिखियोची शेवटची इच्छा एकच होती. मेल्यावर मोठी नदी लागते आणि कुत्र्यावाचून ती ओलांडता येत नाही, हे आमच्याकडे सगळे जाणतात. फळीवरच्या एका तांबड्या कुत्र्याकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, "लिंदा, तेवढं माझ्याबरोबर दे."

आमच्याकडे घरात मयत असले की दार उघडे ठेवतात. आत येणाऱ्याला "तू कोण" असे विचारत नाहीत; कॉफी, पाव आणि पानात वाफवलेला मक्याचा तामाल त्याच्या हातात देतात. एलिखियो गेला त्या दिवशी तीन अनोळखी माणसे आली. मला वाटले, साखर कारखान्यातले एलिखियोचे सोबती असतील. मी वाढले. एकाने तामाल दुसऱ्यांदा मागून घेतला. तिघांनी गुडघे टेकून क्रूसाची खूण केली. मग त्यांच्यातला चष्मेवाला उठून माझ्याजवळ आला.

"बाई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण या वस्तू राष्ट्राच्या आहेत."

"राष्ट्रानं यांच्यावरची धूळ कधी पुसली होती?"

"नोंदणी केली होती का?"

"नवऱ्याची केली होती. चर्चमध्ये."

त्यांनी हातमोजे घालून सगळे खोक्यांत भरले. मी पदर पसरला. "एक कुत्रं राहू द्या. उद्या त्याच्याबरोबर पुरायचंय."

"प्राचीन वस्तू जमिनीत पुरणं हा गुन्हा आहे, बाई."

"मग पहिल्यांदा ज्यांनी पुरली त्यांना धरा."

दुसऱ्या दिवशी एलिखियो एकटा गेला. पुढच्याच महिन्यात एवारिस्तो खात्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. मी हे नऊ वर्षांत विसरलेले नाही आणि मेल्यावरही विसरणार नाही.

मी एकदा शहरातल्या संग्रहालयात गेले होते. आमचा एक पोपट काचेमागे होता. बाकीची मंडळी तळघरात खोक्यांतच आहेत असे पहारेकऱ्याने सांगितले. पोपटाखाली पाटी होती: मूळ ठिकाण अज्ञात. मी टेबलामागच्या साहेबाला म्हटले, "अज्ञात कसलं? आमच्या विहिरीजवळच्या पेरूखालचा आहे तो." तो मान वर न करता म्हणाला, "अर्ज करा." मी केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. मी अजून थांबले आहे.

कलम तिसरे. शेजारीण त्रान्सितो मेसिना ही ओफेलियाची धर्ममाता, म्हणून माझी कोमाद्रे. न्यायचे माहीत, परत आणायचे माहीत नाही, अशी बाई. माझी शिडी, मिक्सर, तामालचे मोठे पातेले आणि लग्नातली काळी ओढणी तिच्या घरी आहे. ते सगळे आता तिचेच समजावे. तिला मी जन्मभर नावे ठेवली, ती मागे घेते. कारण एलिखियोचा क्रूस उचलला त्या दिवशी ती शालीखाली काहीतरी लपवून आली.

"कोमाद्रे, रागावू नकोस. तुझं कुत्रं."

"कुठलं कुत्रं?"

"अगं, एलिखियोनं मला मीठ ठेवायला दिलेलं. देते देते म्हणता राहून गेलं. धुऊन आणलंय."

"आणि हे तुला आज सुचलं? तो मातीत गेल्यावर?"

"तुझ्या दारात त्यांची गाडी होती, बये. म्हटलं, हेही राष्ट्राचं निघालं तर?"

मी तिला वाटेल ते बोलले आणि मग तिच्या गळ्यात पडून रडले. तिने ते वेळेवर परत केले असते तर तेही तळघरात असते.

कलम चौथे. माझी शवपेटी मागच्या खोलीत तयार आहे. पायाशी ठेवायची उशी मी स्वतः शिवली आहे. आत मक्याचे बियाणे आहे असे मी सर्वांना सांगत आले. ती न उसवता पायाशी ठेवावी आणि मला एलिखियोच्याच खड्ड्यात पुरावे, हे तोंडी सांगून ठेवले आहे. तुम्ही हे वाचत आहात म्हणजे तसे झाले आहे. उशीत बियाणे नाही. खांदा देणाऱ्यांना, उशी ठेवणाऱ्यांना आणि त्रान्सितोलाही याची कल्पना नव्हती. जाब विचारायचा तर मला विचारावा.

खात्याला कळवावे की जमिनीखालचे ते राष्ट्राचे, हा कायदा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच राष्ट्राची वस्तू मी जमिनीखाली नेऊन ठेवली. मूळ ठिकाण: एलिखियो सेर्नासची कबर. खोदायचे असल्यास ओफेलियाकडे अर्ज करा.

कलम पाचवे आणि शेवटचे. एलिखियो नऊ वर्षे नदीकाठी बसून आहे. एक कुत्रे दोघांना नेते की नाही, मला माहीत नाही. नेत नसेल तर आधी त्याला जाऊ द्यावे. मी थांबेन, मला सवय आहे.

हे लिहिलेले मी स्वतः पुन्हा वाचले आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

लास गुवायाबास, सान इसिद्रोचा दिवस, १५ मे २०१८
(सही) एर्मेलिंदा ओचोआ, विधवा सेर्नास

साक्षीदार, बंद पाकिटावर सही करणारे, आतला मजकूर न वाचलेले:
लिब्रादो आंग्वियानो, पाववाला
फिदेन्सियो वेलास्को, तुबा विकणारा

(ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून त्रान्सितोची सही नाही. पेन मात्र ती घेऊन गेली आहे.)