पिवळ्या पट्ट्याच्या आत

प्रिय ठकू,

तू उठशील तेव्हा मी पहिल्या पाळीला गेलेली असेन. जेवण झाकून ठेवलंय. आधी खा, मग रागाव.

काल कॉलेज बघायला येताना मी तू काढून दिलेलेच कपडे घातले. नखांतलं काळं ब्रशने घासघासून काढलं, निघालं नाही तो भाग वेगळा. प्रश्न विचारायचे नाहीत असं तू बजावलं होतंस, म्हणून वाचनालयात आणि प्रयोगशाळेत तोंडाला कुलूप लावून फिरले. पण वर्कशॉपमध्ये ते तरुण सर लेथवर काम कसं चालतं हे सांगायला लागले आणि बोलण्याच्या नादात लोखंड धरून फिरवणाऱ्या चकमधली चावी काढायलाच विसरले. त्यांचा हात बटणाकडे चालला होता. मशीन फिरलं असतं तर ती चावी गोळीसारखी सुटली असती, आणि सगळ्यांत पुढे तू उभी होतीस. आमच्या कारखान्यात अशाच चावीने एकाचा जबडा मोडलेला मी पाहिलाय. मी पालकांसाठी आखलेला पिवळा पट्टा ओलांडला, सरांचा हात बाजूला ढकलला आणि चावी उपसली. ओरडलेही. कारखान्यात हळू बोलून कुणाला ऐकू जात नाही.

लोक हसले. सर बिचारे लाल झाले, पण त्यांनी सगळ्यांदेखत माझे आभार मानले. तू मात्र भिंतीवरचं वेळापत्रक वाचत बसलीस. शेजारच्या मुलीने तुला विचारलं, ही बाई कोण, आणि तू म्हणालीस, माहीत नाही. माझे कान इतक्या वर्षांच्या खडखडाटाने अर्धे गेलेत, पण तेवढं नेमकं ऐकू आलं. लागलं गं. खोटं कशाला बोलू?

बालवाडीत तू बाकावर चढून सगळ्यांना सांगितलं होतंस की माझी आई लोखंड सोलते. बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. तेव्हा तुला माझी लाज वाटत नव्हती. आता सतरा वर्षांची झालीस, या वयात आईबापांची लाज वाटतेच. मलाही वाटायची. म्हणून तुझ्या तोंडून निघालेलं मी सोडून दिलं. पण मी माफी मागणार नाही. उद्या पुन्हा तसंच घडलं तर पुन्हा ओरडेन, याहून मोठ्याने.

हे पत्र त्यासाठी नाही. सहीसाठी तू टेबलावर प्रवेशाचा फॉर्म ठेवलास, तो मी वाचला. आईचा व्यवसाय, गृहिणी. स्वच्छ, वळणदार अक्षरात. गृहिणी असण्यात काही कमीपणा नाही, पाळी संपल्यावर मी तेही करतेच. पण तुझ्या या फॉर्मची फी एकोणीस वर्षं लेथपुढे उभी राहिलेली बाई भरणार आहे. मी ते खोडून टर्नर लिहिलंय आणि सही केलीय. खाडाखोड चालत नाही असं वर छापलंय, ठाऊक आहे. चालला नाही तर नवा आण. पण त्या रकान्यात तू काही लिहू नकोस. तो मी भरीन.

तुझीच,
आई