सही न केलेला कागद

क्लाइडबँक, मार्च १९७४

लाडक्या मोराग,

बाबा गेल्याची तार तुला टोरांटोला मिळाली, पण पुढचं मी कळवलेलं नाही. मंगळवारी गोदीतले साहेब घरी आले. "मिसेस गिलक्रिस्ट, इथे फक्त सही करा," म्हणाले. कागदावर लिहिलं होतं, बाबांची फुप्फुसं सिगारेटने गेली, गोदीचा काही दोष नाही.

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याने जन्मात सिगारेट ओढली नाही. तीस वर्षं तुमच्या जहाजांच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळला. त्यांच्या डब्यातल्या पावावरसुद्धा ती पांढरी धूळ बसायची."

"बाई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मग मला वेडी समजा," मी म्हणाले आणि दार उघडून धरलं.

अगं, आता आमच्या रस्त्यावरच्या अकरा विधवा माझ्याबरोबर आहेत. सोमवारी आम्ही ग्लासगोच्या कोर्टात उभ्या राहणार.

डॉक्टर म्हणतात, बाबांचे कपडे झटकून धुता धुता ती धूळ माझ्याही छातीत गेली आहे. हे वाचलंस तर पहिल्या विमानाने येशील आणि मला अंथरुणात डांबशील. म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. साक्षीपुरता श्वास माझ्यात आहे, आणि साहेबांचं नाव घेऊन सांगण्याइतका आवाजही.

तुझी हट्टी आई,
युफीमिया