रोविगोचा सूड

५ ऑक्टोबर, रविवार

सूड घेणार. नक्की.

तारीख मुद्दाम घालून ठेवतो. उद्या मन विरघळलं तर पुरावा हाताशी असावा.

शत्रू क्रमांक एक: थॅड्यूस कोवालचिक, विस्कॉन्सिन. इटलीत, बोलोन्यात या सेमिस्टरसाठी आल्यापासून माझ्याच खोलीत झोपतो. शत्रू क्रमांक दोन: ओडेल, जॉर्जिया, शेजारची खोली. खातो आणि हसतो, तिसरं काही करत नाही. मारेन शत्रू नाही. मारेन वरच्या मजल्यावर राहते, मिनेसोटाची आहे, आणि तिची दिशाभूल झालेली आहे.

गुन्हा: काल मी आम्हा चौघांना रावेन्नाची जुनी मोझेक बघायला नेत होतो. आमची पहिली वीकेंड ट्रिप, प्लॅनिंग पूर्ण माझं. पोचलो रिमिनीला. दोन्ही गाड्या अर्ध्या वाटेपर्यंत एकाच रुळावरून जातात, म्हणजे अर्धा प्लॅन बरोबरच होता. हे कुणी लक्षात घेत नाही. रिमिनीला पाऊस होता, बंद टपऱ्या होत्या आणि एक ओलं कुत्रं होतं.

आज दुपारी किचनमध्ये थॅडने माझी नक्कल केली. नकाशा उलटा धरून ओल्या कुत्र्याकडे बोट केलं आणि म्हणाला, मंडळी, हे बघा सहाव्या शतकातलं मोझेक. ओडेल हसला, ते चालेल. मारेन हसली. डोळे पुसेपर्यंत हसली.

विसरणार नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फ्रिजवर कागद. ‘या वीकेंडला: मोदेना. प्लॅनिंग: थॅड.’ सरळसरळ सत्तापालट.

थॅडने विचारलं, येतोस ना? हे विचारणं नव्हतं, जखमेवर मीठ होतं. मी म्हटलं, मला कामं आहेत. तो म्हणाला, बरं. ‘बरं’ म्हणायची पद्धत बघा.

संकल्प: यापुढे एकट्याने फिरायचं. त्यांच्यापेक्षा स्वस्तात, त्यांच्यापेक्षा चांगली शहरं. फोटो ग्रुपवर टाकायचे आणि त्यांना जळत ठेवायचं.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल वेरोना. एकट्याने. दणदणीत यश.

तिकिटावर मशीनचा शिक्का मारायचा असतो हे मला माहीत होतं, फक्त त्या क्षणी माहीत नव्हतं. टीसी बाई होत्या. मी त्यांना इटालियनमध्ये समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दंड केला. पुढच्या स्टेशनवर उतरताना शेजारच्या आजोबांनी माझा खांदा थोपटला, म्हणजे लोकमत माझ्या बाजूने होतं.

दंडामुळे जेवणाचं बजेट संपलं. त्यामुळे पाव घेतला आणि रोमन अरेनासमोरच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला. पोलिसाने उठवलं. दुसऱ्या पायऱ्यांवर जाऊन खाल्ला.

ग्रुपवर अकरा फोटो टाकले. थॅडने अंगठा पाठवला. जळतोय. मारेनने लिहिलं, किती सुंदर, पण एकाही फोटोत तू नाहीस.

एकट्या माणसाचा फोटो काढणार कोण, हे तिला सुचलं नाही. मीही कळवलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ते मोदेनाहून आल्यापासून फक्त मोदेनाबद्दल बोलतात. ओडेलने तिथे तळलेली पोळी खाल्ली. तीन दिवस तीच पोळी ऐकतोय.

सकाळी घरमालकीण सिन्योरा ऑर्तेन्सिया भाड्याची खोली बघायच्या निमित्ताने वर आल्या. म्हणाल्या, पोरा, तोंड का असं आंबलेलं? मी म्हटलं, तुम्हीच सांगा, या सगळ्या भागात सगळ्यात कंटाळवाणं गाव कुठलं? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, रोविगो. माझी नणंद राहते तिथे.

त्या खाली गेल्या आणि मला एकदम दिसलं. फोटो टाकून माणूस मरत नाही. सल्ल्याने मरतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गळ टाकला. जेवताना सहज म्हटलं की खरे जाणकार व्हेनिसला जात नाहीत, वाटेत रोविगोला उतरतात. तिथे काय आहे, थॅडने विचारलं. मी फक्त हसलो. असं हसलो की पुढे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

मारेन म्हणाली, तूही चल. मी म्हटलं, मी पाहिलेलं आहे.

योजना अशी. ते रोविगोला जातील. दोन दिवस धुक्यात एकमेकांची तोंडं बघतील. रविवारी संध्याकाळपर्यंत थॅडचं राज्य बुडालेलं असेल, आणि मारेन आपणहून म्हणेल की रिमिनीला निदान समुद्र होता.

फ्रिजवर कागद लागला: ‘२५-२६: रोविगो. सुचवणारा: वॉरन.’ माझं नाव घालायची काही गरज नव्हती. पण आता माघार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ते सकाळी आठच्या गाडीने गेले. मी साडेआठच्या गाडीने व्हेनिसला. गाडी रोविगोवरून जाते. खिडकीतून पाहिलं: फलाट, बाक, धुकं. मन भरून आलं.

व्हेनिसला पाणी चढलेलं होतं. लोकांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचे बूट चढवले होते. मी बजेटमध्ये राहून बूट घेतले नाहीत. फळ्यांवरून चालायचं असतं, त्या फळ्या एका चौकात अचानक संपल्या. मागे दोनशे माणसं. एक जर्मन बाई म्हणाल्या, तुम्ही पुढे चला. मी पुढे गेलो.

दुपारी दोनपर्यंत ग्रुपवर रडगाणं सुरू होईल असा अंदाज होता. दोन वाजता मारेनचा फोटो आला. पाळण्यावर. मोठ्या फिरत्या पाळण्यावर, केस उडालेले. मागे दिवे, माणसं, भाजलेले चेस्टनट.

रोविगोला जत्रा आहे. वर्षातून एकदाच असते. याच आठवड्यात.

२६ ऑक्टोबर, रविवार

मोजे वाळले नाहीत. व्हेनिसबाहेर, मेस्त्रेच्या हॉस्टेलमध्ये हीटरवर ठेवले होते, एकाला भोक पडलं.

ग्रुपवर दुसरे फोटो. आठ कोनांचं एक चर्च, आत जमिनीपासून छतापर्यंत नुसती चित्रं. मारेनचं तोंड उघडं. आणि मग एक लांब टेबल, टेबलापाशी आमचे तिघं, आणि मधोमध बसलेली एक बाई, जिच्याखाली मारेनने लिहिलं होतं, सिन्योरांची नणंद.

सिन्योरांनीच फोन केला होता. माझ्यावर माया म्हणून. पोरं येतायत, वॉरनची माणसं आहेत, उपाशी पाठवू नका. नणंदबाईंनी भोपळा भरलेला पास्ता केला, मग रिसोट्टो, मग कोंबडी, आणि मग विचारलं की आता जेवण काय करू.

ते आनंदी असल्याचं ढोंग करतायत. तीन तास टेबलावर बसून कोण आनंदी असतं?

२७ ऑक्टोबर, सोमवार

थॅडने मला मिठी मारली. उचललंच. म्हणाला, वॉरन, आम्ही गाढव, तुला ओळखलंच नाही, इथून पुढे सगळं प्लॅनिंग तूच कर. ओडेल म्हणाला की नणंदबाई ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती आहे.

मारेनने माझ्यासाठी एक बरणी आणली. मोहरीच्या पाकातली फळं. ती म्हणाली, तुझी आठवण येत होती सारखी.

बरणी पलंगाखाली ढकलून दिली. लाच घेणार नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फळं तिखट आहेत. अर्धी संपली. याचा अर्थ काहीही बदललं असा नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुसरा वार. या वेळी संशोधन केलं. कुठल्याही गावाला कुणाची नणंद नको, जत्रा नको.

कोमाक्कियो. दलदलीतलं गाव, प्रसिद्ध कशासाठी, तर ईल माशांसाठी. नोव्हेंबरात दाट धुकं. जायला आधी गाडी, मग बस, आणि बस मध्येच थांबते. खोली बुक केली मासेवाल्याच्या दुकानाच्या वर. मारेनला मासे डोळ्यांनीसुद्धा बघवत नाहीत. तिला थोडा त्रास होईल, पण ऑपरेशनमध्ये रक्त येतंच. एकदा कंटाळा शिगेला पोचला की थॅड चिडतो, चिडला की टाकून बोलतो. तो तिला टाकून बोलेल. मग ती घरी येईल आणि मी तिथे असेन.

अडचण एकच. मारेन म्हणाली, या वेळी तू आलाच पाहिजेस. तू येणार असशील तरच मी मासेवाल्याच्या वर झोपेन. मी हो म्हटलं. आयत्या वेळी ताप आणायचा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताप आणला. थर्मामीटर चहाच्या कपात बुडवला, एकोणचाळीस पूर्णांक आठ. मारेनने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, गरम तर नाही लागत. मी कण्हलो. तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली की ती थांबते. मी म्हटलं, छे, माझ्यासाठी कुणी ट्रिप सोडायची नाही. इतकं थोर मी कधीच बोललो नव्हतो.

ते गेले. एक वाजता सिन्योरा सूप घेऊन आल्या. दोन वाजता दुसरं सूप. त्यांनी माझ्या छातीवर कापराचं काहीतरी चोळलं आणि खिडक्या बंद केल्या.

ग्रुपवर एकही मेसेज नाही. म्हणजे भांडण पेटलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

खरा ताप आला. सिन्योरांना आनंद झाला.

अजून मेसेज नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ओडेलकडून हकिकत मिळाली. काल सकाळी तिघं बांधावरून चालायला निघाले. धुकं इतकं की हात दिसेना. ओडेल भूक लागली म्हणून परत फिरला. थॅड आणि मारेन पुढे गेले आणि हरवले. दोन तास. दोन्ही बाजूंना पाणी, आवाज येत नाही, फोनला रेंज नाही. शेवटी एका कोळ्याने त्यांना होडीतून आणलं.

मी विचारलं, थॅड टाकून बोलला का? ओडेलने बराच विचार केला. म्हणाला, नाही, एकमेकांचे हात धरून आले.

धुक्यात हात धरावाच लागतो. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ओडेलला मुलींमधलं काही कळत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

थॅड आजकाल खोलीत नसतो. अभ्यास वाढला असेल. वरच्या मजल्यावर पावलांचे आवाज दोन माणसांचे येतात. बहुधा मारेनने व्यायाम सुरू केलाय.

सूड आतून काम करतोय. धीर धरायचा.

१ डिसेंबर, सोमवार

दोघांना चौकात पाहिलं. कमानीखाली. अंगठा, नकाशा, नक्कल, असं काही चाललेलं नव्हतं.

निष्कर्ष काढायची घाई करत नाही.

निष्कर्ष काढला.

आता शेवटचा वार. पुढच्या आठवड्यात, बारा तारखेला निरोपाचं जेवण आहे. सगळ्यांसमोर सांगून टाकणार. रोविगो, कोमाक्कियो, सगळं. तुम्हाला वाटलं ते प्रेमाने पाठवलेलं होतं. ते कपटाने पाठवलेलं होतं. सगळ्या आठवणींत मीठ कालवून टाकणार. परत अमेरिकेला जाताना त्यांना प्रत्येक फोटो कडू लागला पाहिजे.

भाषण पाठ करतोय. उभं राहून करायचं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

केलं.

सिन्योरांनी त्यांच्याच टेबलावर जेवण मांडलं होतं. मी बोलायच्या आधीच थॅड ग्लास घेऊन उभा राहिला. म्हणाला, माझ्या या सेमिस्टरमधलं जे जे चांगलं, ते वॉरनने दिलं. मग त्याने मारेनकडे पाहिलं आणि तो लाल झाला.

मी उठलो. पाठ केलेलं सगळं गेलं. एकच वाक्य निघालं: “मी तुम्हाला सूड म्हणून पाठवलं होतं. दोन्ही वेळा.”

मग थॅड हसायला लागला. ओडेल टेबलावर डोकं ठेवून हसला. मी म्हटलं, खरंच. ते आणखी हसले. थॅड डोळे पुसत म्हणाला की असा शत्रू ज्याला त्याला मिळो. सिन्योरांना अर्थ कळला नाही, पण त्याही हसल्या आणि मला मांस वाढलं.

मारेन हसली नाही.

नंतर ताटं विसळताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. विचारलं, खरं होतं ना ते? मी म्हटलं, हो. कशासाठी? मी सांगितलं की तो नक्कल करत होता तेव्हा तू हसली होतीस. कधी? मी तारीख सांगितली. तिने भांडं हातात धरून मनापासून आठवून पाहिलं.

“मला नाही रे आठवत,” ती म्हणाली.

मी नळ मोठा केला. तिने तो बारीक केला.

“मला वाटायचं तू मला टाळतोस. कोमाक्कियोला तू येणार होतास म्हणून तर मी निघाले होते.”

मला विचारायचं होतं की मी आलो असतो तर काय झालं असतं. विचारलंही. तिने पुढचं ताट पुसलं, आधीच्या ताटांवर ठेवलं आणि म्हणाली, आता काय त्याचं.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी थॅड खोलीत आला. म्हणाला, विमानाला चार दिवस आहेत, त्याला आणि मारेनला कुठेतरी जायचंय, मी ठरवून देईन का, माझ्याइतकं कुणाला जमत नाही.

मी ठरवून दिलं. मांतोवा. तळी आहेत, धुकं कमी असतं, खोलीला खिडकी आहे. चांगली खोली मिळावी म्हणून तीन ठिकाणी फोन केले.

खाली गेलो तर सिन्योरा वाटेतल्या खाण्याचं बांधत होत्या. पाव, चीज, दोन सफरचंदं. त्यांनी विचारलं, पोरा, किती जणांचं बांधू?

म्हटलं, दोघांचं.

त्यांनी पुडी बांधली, दोरी दातांनी तोडली आणि माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली खुर्ची पायाने ओढली आणि म्हणाल्या, बस, सूप आहे कालचं.

बसलो.