नखाला न लागणारे ओरखडे

नाशिक रोड,
मंगळवार, सकाळ

प्रिय राकेशराव यांस,
दाजीचा सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. राखीवहिनींच्या टाचेचं दुखणं कमी झालं का ते कळवा, आणि त्यांनी थंड फरशीवर अनवाणी फिरू नये असं माझ्यातर्फे सांगा. चि. आयुषचा अभ्यास चालू असेलच. लासलगावला आवक वाढली की कांद्याच्या धुळीने तुमचा घसा दरवर्षी बसतो, तेव्हा लिलावाला जाताना तोंडाला रुमाल बांधत जा. माझी तब्येत बरी आहे. वरण आता गुठळ्या न होता जमतं. पोळ्या मात्र जमत नाहीत, त्या विकत आणतो.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर मला दोन वाक्यांपुढे सुचत नाही. तुमची ताई म्हणायची की ह्यांच्याशी फोनवर बोलण्यापेक्षा बँकेचं मशीन बरं, ते निदान धन्यवाद तरी म्हणतं. मागच्या महिन्यात तुम्ही फोन करून म्हणालात की दाजी, ताई गेल्यापासून गाडी नुसती उभी आहे, तुम्ही चालवत नाही, बघून तुम्हालाच त्रास होतो, चांदवडचे गोटीरामशेठ चांगलं गिऱ्हाईक आहेत, त्यांना आणतो. मी 'बरं' म्हणालो. (मी सगळ्यांनाच 'बरं' म्हणतो.) मग तुम्ही म्हणालात की शेठ येण्याआधी गाडीवरचे ओरखडे तेवढे काढून घ्या, नंतर मेण लावा, चमकली पाहिजे. त्यालाही मी 'बरं' म्हणालो. त्या दुसऱ्या 'बरं'चं काय झालं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

तुम्हाला माहीत आहेच, गाडीचा गडद निळा रंग तुमच्या ताईने हट्टाने निवडला होता. शोरूममधला माणूस पांढरी घ्या म्हणत होता, पांढरीवर काही दिसत नाही म्हणून. ती म्हणाली, दिसू दे की, मग पुसू. तर ती गेल्यापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन गाडी पुसतो. दुसरं काही करायचं सुचत नव्हतं. समोर इमारतीचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे पुसायला रोज भरपूर मिळतं. त्या दिवशी तुमचा फोन झाल्यावर मी प्रथमच गाडी ढकलून उन्हात आणली (वॉचमनने मागून जोर लावला) आणि पाहतो तर बॉनेटवर ऊन पडलं होतं तिथे गोल गोल बारीक रेघांचं जाळं. कोळ्याने निवांत बसून विणावं तसं. दारांवर तेच, टपावर तेच. सावलीत उभ्या गाडीवर हे मला कधी दिसलंच नव्हतं.

शेजारचे सलीमभाई (वीज मंडळातून निवृत्त, सल्ल्याच्या कामातून अजून नाहीत) म्हणाले की हे तर टूथपेस्टचं काम आहे, त्यांची स्कूटर त्यांनी वर्षानुवर्षे टूथपेस्टनेच राखली. मी बॉनेटभर टूथपेस्ट चोळली. तेवढ्यात गॅसवाला आला, मी वर गेलो, पैसे सुटे नव्हते, आणि खाली आलो तोवर उन्हात तिचा थर वाळून पापड झाला होता. खरवडावा तर नवे ओरखडे, म्हणून पाण्याचा हात फिरवला, तर ती वायपरच्या फटीत जाऊन बसली. गाडीला लवंगेचा वास येऊ लागला आणि मुंग्यांची रांग चाकावरून बॉनेटवर चढली. सलीमभाई म्हणाले, वास तर छान आहे. मग मी ठरवलं की आता सरळ मेण लावावं म्हणजे सगळं झाकलं जाईल. भर उन्हात, पावाला लोणी लावतात तेवढं जाड लावलं. त्याने काही झाकलं नाही. उलट एकेक ओरखडा पांढऱ्या दोऱ्याने भरल्यासारखा उठून दिसू लागला. बॉनेट आमच्या पाटबंधारे खात्याच्या कचेरीतल्या खिडकीच्या काचेसारखं झालं, जिच्यातून पलीकडे पाऊस आहे की ऊन ते कधीच कळायचं नाही.

या टप्प्यावर जहिदाबाई खाली आल्या. सलीमभाईंच्या मिसेस, तुमच्या ताईच्या शाळेत बरोबरच होत्या, कार्यानुभव शिकवायच्या. ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांच्या चपला जोडीने लावून ठेवणाऱ्या त्याच. राकेशराव, या बाईंबद्दल मला जे वाटतं ते मी त्यांना कधी सांगू शकणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. नवऱ्याकडे पाहिलं. सलीमभाईंना अचानक वर काही काम आठवलं. मग मला म्हणाल्या, "दीपकभाऊ, हे सगळं पुसून टाका. पहिल्यापासून सुरू करू." पूर्वी ज्या आवाजात त्या चाळीस मुलांना मातीच्या फळांचा परत गोळा करायला लावत असतील, तोच आवाज. मला कसलाही अपमान वाटला नाही. फार दिवसांनी कुणीतरी पुढे काय करायचं ते सांगत होतं.

त्यांनी आधी गाडी सावलीत घ्यायला लावली. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, कारण गाडीवरची माती परत गाडीवर जाता कामा नये. धुऊन पुसल्यावर त्यांनी परीक्षा घेतली. ओरखड्यावरून आडवं नख अलगद न्यायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे, हाताने निघतो. नख अडकलं तर तो खोल आहे, तिथे कितीही घासा, उपयोग नाही, तो गॅरेजवाल्याकडे जातो. त्यांनी सगळ्या गाडीवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, एकही लागत नाही, विद्यार्थी पास होण्यासारखा आहे.

मग पत्र्याच्या कडांना, दिव्यांच्या काठाला कागदी चिकटपट्टी (काठांवर रंग पातळ असतो, तिथे घासलं की पत्रा दिसतो). बॉनेटचे त्याच पट्टीने चौकोन पाडले आणि मला एक चौकोन दिला, एक स्वतः घेतला. मऊ फडक्याची चार पदरी घडी, तिच्यावर ओरखडे काढायची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि हात सरळ पुढे-मागे, गोल नाही. आधी मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून पाहिलं, बिघडलं तर कुणाला दिसू नये म्हणून. मी जोर लावत होतो. त्या म्हणाल्या, रंगाशी भांडायचं नसतं, त्याची समजूत काढायची. नंतर पुसून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहायचं. राहिलं असेल तर परत. मी विचारलं की हा ओरखडा भरून येतो का. नाही, म्हणाल्या, भरून काहीच येत नाही, त्याच्या आजूबाजूचा भाग थोडा थोडा झिजून त्याच्या पातळीला येतो, मग तो दिसत नाही एवढंच.

रोज सकाळी तेवढंच काम. त्यांचे चौकोन आरशासारखे, माझे साधारण. त्या पट्टीवर पेनाने शेरे लिहायच्या: 'बरा', 'प्रयत्न करा', एकदा 'छान'. (तो तुकडा मी फ्रिजवर लावला आहे.) मी फार हळू करतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणाल्या की या वेगाने गोटीरामशेठ आजोबा होतील. मी म्हणालो, घाई केली तर बिघडेल. त्या 'हं' म्हणाल्या आणि पुढच्या चौकोनाची पट्टी लावू लागल्या.

ओरखडे आले कुठून हेही त्यांनीच शोधलं. मी रोज कशाने पुसतो ते फडकं मागितलं. ते तुमच्या ताईच्या एका सुती साडीचं होतं, धुऊन धुऊन अगदी सायीसारखं झालेलं. त्यांनी ते उलगडलं आणि काठ हातात धरून माझ्याकडे पाहिलं. बारीक जरीचा काठ होता. साडी फाडताना मी काठ कापून टाकला नव्हता. तो कापवत नव्हता, एवढंच. त्या जरीने आणि कोरड्या धुळीने मी रोज सकाळी प्रेमाने ती जाळी विणत होतो. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. जहिदाबाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली, पायरीवर बसल्या, टाका टाका उसवावा तसा काठ वेगळा केला, त्याची गुंडाळी करून माझ्या खिशात घातली आणि म्हणाल्या, कापड आतल्या काचांना वापरा, काचेला चालतं.

आतल्या काचा पुसताना मी माझ्या जागी, डाव्या सीटवर बसलो. ताई गाडी शिकली तेव्हा तुम्ही सगळे तिला हसला होतात, मी नाही, कारण मला शेजारी बसायचं होतं. देवळालीगावातल्या बोळात शिरलो की ती समोर बघत विचारायची, "डावीकडे?" आणि मी खिडकीतून डोकं काढून म्हणायचो, "आहे." म्हणजे जागा आहे. नसली तर "नाही". त्या गाडीत मी एवढंच बोललो असेन, पण ते सगळं उपयोगाचं होतं.

शेवटी राहिलं उजव्या दाराचं हँडल. हँडलच्या मागे बोटं घालायला वाटीसारखी जागा असते, तिथे तिच्या बांगड्यांनी आणि नखांनी बारीक रेघा पडल्या होत्या. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, करायचं की नाही ते ठरवायला. आणि मी वर चहा करायला गेलो तेवढ्यात जहिदाबाईंनी ते करून टाकलं. खाली आलो तर वाटी चकचकीत. मी 'बरं झालं' म्हणालो आणि हातातला चहा तसाच राहिला. त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं, विचारायला हवं होतं. पण भाऊ, लताबाईंच्या त्या खुणा दार उघडून पडल्या होत्या. पुसून पुसून नाही."

त्यानंतर मेणाचा पातळ थर, वाळल्यावर कोरड्या फडक्याने पुसला. आता बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीचे मजले मोजता येतात आणि माझा चेहराही दिसतो, दाढी केलेली असल्यास. वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. जहिदाबाईंनी शेवटच्या पट्टीवर काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली. एवढं मन लावून, दुसऱ्याच्या विकल्या जाणाऱ्या गाडीवर कुणी काम केलेलं मी पाहिलेलं नाही.

तर गाडी तयार आहे. मध्यंतरी आवक वाढल्याने शेठना सवड नव्हती, आता ते या रविवारी येणार असं तुम्ही कळवलं आहे. बरं.

वहिनींना नमस्कार, आयुषला आशीर्वाद.

तुमचा दाजी,
दीपक

ता.क. एक गोष्ट लिहायची राहिली. शेठ येईपर्यंतचा वेळ मोकळा होता म्हणून मी ड्रायव्हिंग क्लास लावला आहे. शिकाऊ परवानाही निघाला. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखालीही ब्रेक असल्याने माझी प्रगती चांगली आहे असं ते म्हणतात. शेठच्या येण्याशी याचा संबंध नाही. सहज कळवलं.

आणखी एक ता.क. (पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून लिहीत आहे.) वर गाडी तयार आहे असं लिहिलं आहे, ते सकाळपर्यंत खरं होतं. पाकीट घेऊन खाली उतरलो तेव्हा वाटलं की निदान गेटपर्यंत गाडीतून जावं, पुढे पोस्टापर्यंत पायी. दार उघडलं, बसलो, चालू केली. जहिदाबाई समोर उभ्या राहून दोन्ही हातांनी या, या करत होत्या. सलीमभाई त्यांच्या मागे उभे राहून थांबा, थांबा करत होते. मी दोघांनाही मान दिला. गाडी सरळ चालली होती, उजवीकडे भरपूर जागा होती, ती मला नीट दिसत होती. मी सवयीने म्हणालो, "डावीकडे?" कुणी काही बोललं नाही. मग आवाज आला. गेटच्या खांबाने पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक सलग ओरखडा काढला आहे, डाव्या बाजूला. सलीमभाई टूथपेस्ट आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. जहिदाबाईंनी वाकून आडवं नख फिरवलं आणि ते अडकलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, हा आता हाताने निघायचा नाही. लताबाई गेल्यापासून मी त्यांना एवढं खुश पाहिलं नव्हतं. मलाही, खरं सांगतो, वाईट वाटलं नाही.

शेवटचं. अशी गाडी गोटीरामशेठसारख्या भल्या माणसाला दाखवणं बरं दिसणार नाही. त्यांना माझ्यातर्फे क्षमा मागून नाही म्हणून कळवा. तुम्ही मात्र रविवारी या, एकटेच. शिकाऊ परवान्यावर शेजारी पक्का परवाना असलेला माणूस लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे. आपण हळूहळू विंचूरपर्यंत जाऊन येऊ. तुम्ही मला काही शिकवायचं नाही, ओरडायचं नाही, वरचं हँडल धरलं तर चालेल. फक्त डावीकडे बसायचं, आणि मी विचारलं की खिडकीतून बघून 'आहे' किंवा 'नाही' एवढं सांगायचं. पत्र मिळालं की फोन करा. फार बोलू नका, नुसतं 'बरं' म्हणा, मला कळेल.